गोधडी शिवताना मशीन टाके सोडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर घरोघरी गोधड्या, दुपटी आणि आता क्विल्टही शिवले जातात. या कामात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ब्लाउज, परकर नीट शिवून होतात, पण गोधडी घेतली की मशीन टाके सोडतं. खालची उत्तरं पायानं चालवायच्या काळ्या मशीनसाठी आणि मोटरच्या घरगुती मशीनसाठी आहेत. दोन्हींत फरक असेल तिथे तो सांगितला आहे. मशीनच्या आत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे प्रत्येक उत्तरात धरून चाला.

टाका सुटतो तेव्हा आत नेमकं काय होतं?

हे एकदा समजून घेतलंत तर पुढची निम्मी उत्तरं वाचावी लागणार नाहीत.

सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते. अगदी तळाला पोचते आणि परत वर यायला लागते. साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की दोऱ्याचा थोडा भाग कापडाखाली अडकून राहतो आणि सुईच्या मागे त्याचा छोटा फासा तयार होतो. त्याच क्षणी सुईखाली हलणाऱ्या शटलचं टोक (नव्या मशीनमध्ये त्याला हुक म्हणतात) सुईला जवळजवळ चिकटून जातं आणि तो फासा उचलतं. मग फासा बॉबिनभोवती (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाभोवती) फिरतो, खालचा दोरा त्यात अडकतो आणि टाका बसतो. इलायस हाउ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत दोन दोऱ्यांच्या या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. मशीन कितीही बदलली तरी वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवण्याचं तत्त्व आजही तेच आहे.

टाका सुटला, याचा अर्थ शटलचं टोक आलं तेव्हा फासा तिथे नव्हता. एक तर तो झालाच नाही, किंवा फार लहान झाला, किंवा भलत्या जागी झाला. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःला हाच प्रश्न विचारा, की माझ्या दोऱ्याचा फासा का होत नाहीये? स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधलं तर खूप वेळ आणि पैसे वाचतात.

टाका सुटलाय की नुसता लांब पडलाय, हे कसं ओळखायचं?

कापड उजेडासमोर धरा. लांब दिसणाऱ्या टाक्याच्या मधोमध सुईचं भोक दिसलं, तर सुई तिथे गेली होती पण फासा उचलला गेला नाही. म्हणजे टाका सुटला. मध्ये भोक नसेल तर सुई तिथे उतरलीच नाही. तुम्ही कापड जोरात ओढलंत, किंवा पायडल थांबलं आणि हात पुढे गेला. हा दोष मशीनचा नाही, त्याला उपायही वेगळा आहे. पुढची सगळी उत्तरं पहिल्या प्रकारासाठी आहेत.

सगळ्यात आधी काय करायचं?

सुई बदला. जुनी सुई चांगली दिसत असली तरी बदला.

गोधडीत सुई पाच-सहा थरांतून जाते. तिचं टोक बोथट होतं, किंवा ती केसभर वाकते, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. सुई आरशावर किंवा काचेवर सपाट बाजूनं ठेवून पाहा. तिची दांडी आणि काच यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी हवी. ती कमीजास्त दिसली तर सुई वाकली आहे. टोक नखावरून हलकेच ओढा. ओरखडा उठला तर टोकाला खरचट आहे. पण खरं सांगायचं तर या परीक्षा नवी सुई जवळ नसेल तेव्हाच्या. एक मोठी गोधडी म्हणजे एक नवी सुई, असा हिशोब ठेवावा. दिवसभर उसवत बसण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

नवी सुई लावली, तरी टाके सुटतात. असं का?

बसवताना तीन गोष्टी चुकतात.

पहिली म्हणजे सुई पुरती वर गेलेली नसते. स्क्रू सैल करून ती वर टेकेपर्यंत ढकला आणि मगच आवळा. ती एखादा मिलिमीटर जरी खाली राहिली तरी फासा शटलच्या टोकाच्या खाली होतो.

दुसरी म्हणजे दिशा. घरगुती सुईची एक बाजू सपाट असते. त्याच बाजूला भोकाच्या वर एक खोलगट खाच असते, आणि उलट बाजूला वरपासून भोकापर्यंत लांब पन्हाळी असते. खोलगट खाचेची बाजू शटलकडे हवी. दोरा पन्हाळीच्या बाजूनं ओवायचा. कुठल्या मशीनला सपाट बाजू मागे येते, कुठल्या मशीनला बाजूला, पण हा नियम सगळीकडे सारखा आहे. शटल कुठे आहे ते बघा, दिशा आपोआप कळते.

तिसरी म्हणजे सुईचा प्रकारच चुकीचा. घरगुती मशीनच्या सपाट बाजूच्या सुईच्या पाकिटावर एचए×१ किंवा १३०/७०५ एच असं लिहिलेलं असतं. कारखान्यातल्या मशीनची डीबी×१ ही सुई गोल दांडीची असते आणि तिची लांबीही वेगळी. बाजारात दोन्ही शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. दुकानात जाताना जुनी सुई किंवा रिकामं पाकीट सोबत न्या, नुसता नंबर सांगून सुई आणू नका.

गोधडीला कितव्या नंबरची सुई घ्यायची?

पाकिटावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९०/१४. त्यातला ९० म्हणजे दांडीची जाडी ०.९० मिलिमीटर. तीन-चार मऊ सुती थर असतील तर ९०/१४ पुरते. थर वाढले किंवा आत जुनी चादर, जाड वॅडिंग (आत भरायचा मऊ थर) असेल तर १००/१६. जीन्सचे तुकडे जोडलेल्या गोधडीला १००/१६ किंवा ११०/१८, आणि मिळाली तर जीन्सची म्हणून वेगळी येते तीच सुई घ्या. ब्लाउजला लावलेली ७५/११ तशीच ठेवून गोधडी घेतली तर ती थरांत शिरताना लवते, शटलपासून दूर जाते, आणि टाके सुटतात. गोधडीत टाके सुटण्याचं मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण हेच.

दोराही सुईला मानवला पाहिजे. हातभर दोरा सुईत ओवून तिरका ताणून धरा. सुई आपल्या वजनानं घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकून राहिली तर भोक लहान आहे. जाड, उठावदार दोरा वापरायचा असेल तर मोठ्या भोकाची टॉपस्टिच सुई घ्या.

जुन्या लुगड्यांची गोधडी. काठाला टीप चांगली येते, मध्ये मात्र तुटक. का?

कारण मध्ये कापड सुईबरोबर वर उचललं जातं.

फासा होण्यासाठी सुई वर येताना कापड खालीच थांबावं लागतं. जुनी सुती लुगडी धुऊन धुऊन मऊ झालेली असतात. चार-पाच थर एकमेकांवर नुसते ठेवलेले असले, की सुई वर येताना ती सगळी चळत सोबत उचलते. दोरा कापडाबरोबरच वर जातो, मागे ढील उरत नाही, फासा होत नाही. शिवताना फुटाजवळ (कापड दाबून धरणाऱ्या भागाजवळ) डोळे नेऊन बघा, कापड सुईबरोबर फडफडताना दिसेल.

यावर पहिला उपाय म्हणजे थर नीट बांधणं. आपल्याकडे आज्या आधी सगळ्या गोधडीला हातानं कच्चे टाके घालायच्या आणि मगच शिवायला घ्यायच्या, ती पद्धत मशीनसाठीही तितकीच योग्य आहे. कच्च्या टाक्यांच्या ओळी किंवा सेफ्टी पिना मुठीएवढ्या अंतरावर, मधून सुरू करून कडेकडे जा. दुसरा उपाय फुटाचा दाब वाढवणं. काळ्या मशीनला डोक्यावर स्क्रू असतो, तो थोडा थोडा आवळून तुकड्यावर टीप मारून बघा. तिसरा उपाय वॉकिंग फूट. हा वरचा थरही खालून कापड ढकलणाऱ्या दातांबरोबर पुढे सरकवतो, त्यामुळे थर सुरकुतत नाहीत. सरळ टीपच मारायची असेल आणि तुमचं मशीन झिगझॅगचं असेल, तर लहान गोल भोकाची प्लेट (सुईखालची पत्री) मिळते का पाहा. रुंद भोकात मऊ कापड सुईबरोबर खाली दबतं आणि वर येतं.

आत टी-शर्ट किंवा नायलॉनची साडी घातली तर?

टी-शर्टचं कापड ताणतं, सुईला धरून ठेवतं. त्याला गोल टोकाची, स्ट्रेचसाठीची सुई लागते. पण वरखाली सुती थर असतील तर तीही पूर्ण काम करत नाही. माझं स्पष्ट मत असं, की मशीननं शिवायच्या गोधडीत टी-शर्ट घालू नयेत. हातानं धावदोरा घालणार असाल तर खुशाल घाला. नायलॉन, पॉलिएस्टरची साडी आत चालते, पण वरचा थर म्हणून घेतलीत तर बारीक टोकाची नवी सुई लावा आणि सावकाश शिवा.

नवं मांजरपाट अस्तराला घेत असाल तर आधी धुऊन खळ काढा. खळीचं कडक कापड आणि बोथट सुई एकत्र आली की टाके सुटलेच म्हणून समजा.

जाड शिवण ओलांडताना टाके सुटतात.

फूट चढावर चढताना मागे कलतो आणि सुईजवळचं कापड मोकळं राहतं. फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, म्हणजे फूट सपाट राहील. ते चार-सहा टाके चाक हातानं फिरवून घाला. जाड सांधे शिवण्याआधी लाकडी फळीवर हलकेच ठोकून चपटे करता येतात.

दात खाली करून मोकळ्या हातानं नक्षी काढते, तेव्हा वळणावर टाके सुटतात.

इथे कापड तुम्ही हलवता, आणि सुई कापडात असताना हात पुढे गेला तर सुई वाकते. एका दिशेनं जाताना ती शटलपासून लांब जाते, म्हणून टाके बहुधा त्याच दिशेला सुटतात. कुठल्या दिशेला सुटतात ते नीट पाहा. एकाच दिशेला सुटत असतील तर हा हाताच्या वेगाचा प्रश्न आहे. मशीनचा वेग थोडा वाढवा, हाताचा कमी करा, वळणावर हात ओढू नका. सुई एक नंबर जाड घ्या. या कामाचा उड्या मारणारा फूट कापडाच्या फार वर राहत असेल तर त्याची उंची कमी करा. सुई वर येताना त्यानं कापड दाबलं पाहिजे. जाड वॅडिंगवर हातात रबरी ठिपक्यांचे मोजे घातले तर कापडावर पकड येते आणि हिसके कमी होतात.

दोऱ्यामुळे टाके सुटू शकतात का?

हो. वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) फार घट्ट असेल तर दोरा फासा होण्याआधीच ओढला जातो. टेन्शन सैल करून, तुकड्यावर टाका बघत बघत पुन्हा जागेवर आणा. फूट उचलून दोरा ओवा आणि मग फूट खाली घ्या. फूट खाली असताना ओवलं तर दोरा टेन्शनच्या चकत्यांच्या मध्ये बसतच नाही. वर्षानुवर्षं डब्यात पडलेले, कुठे जाड कुठे बारीक असे रीळ गोधडीला वापरू नका. प्लास्टिकसारखे पारदर्शक दोरे ताणतात आणि त्यांचा फासा बेभरवशाचा असतो. ते वापरायचेच असतील तर टेन्शन बरंच सैल ठेवा.

पावसाळ्यातच हा त्रास का वाढतो?

रत्नागिरी, दापोली, मालवण या पट्ट्यात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतो, आणि किनाऱ्याच्या हवेत मीठ असतं. हा ओलावा आणि मीठ नेमक्या वाईट ठिकाणी, म्हणजे शटलच्या टोकावर आणि सुईवर, बसतात.

मशीन महिनाभर पडवीत झाकून ठेवलंय आणि शिवायला बसल्यावर दोरा तुटतोय, टाकेही सुटताहेत, असं असेल तर शटल बाहेर काढून त्याचं टोक बोटानं चाचपा. खरखरीत लागलं तर गंज आहे. सुती कापडाला मशीनचं तेल लावून पुसा. राहिलेला हलका गंज अगदी बारीक पॉलिश पेपरनं, टोकाच्या दिशेनं, दोन-चार हलक्या हातांत निघतो. टोकाचा आकार मात्र बदलता कामा नये. टोक बोथट किंवा तुटकं दिसलं तर घासत बसू नका, शटल बदला. काळ्या मशीनचं शटल सहज मिळतं आणि महागही नसतं.

दमट हवेत कापडाचा कीस घट्ट बसून नमद्यासारखा होतो, प्लेटखाली आणि दातांच्या मध्ये. सुती दोरा ओलावा पिऊन फुगतो आणि टेन्शनमधून अडखळत येतो. म्हणून रीळ आणि सुया झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. मशीनवर प्लास्टिकचं आवरण नको, आत पाणी सुटतं. सुती कापड टाका. समुद्राकडच्या खिडकीपासून मशीन लांब ठेवा. आणि पावसात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा मशीन थोडं चालवा.

सफाई आणि तेलपाणी मिरगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, करून घ्यावं. चाकरमानी गणपतीला यायचे म्हणून ऑर्डरी श्रावणात येतात, आणि तेव्हा प्रत्येक मिस्त्रीच्या दुकानात मशीनची रांग असते.

तेल कुठलं? घरचं खोबरेल चालेल का?

नाही, अजिबात नाही. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. म्हणजे पौषातल्या पहाटे ते शटलच्या खाचेत घट्ट होऊन बसतं, आणि कालांतरानं चिकट, पिवळा थर धरतं. एरंडेल, तिळाचं तेलही नको. शिलाई मशीनचं पातळ, पांढरं तेल घ्या. शटल फिरतं त्या खाचेत एकच थेंब, मग टाकाऊ कापडावर थोडी टीप मारा, म्हणजे जादाचं तेल तिथे निघेल. आधीच खोबरेल घातलं असेल तर सगळे भाग सुटे करून पुसावे लागतात, ते मिस्त्रीकडून करून घेतलेलं बरं. मोटरच्या काही नव्या मशीनना बाहेरून तेल घालायचंच नसतं, त्यांची पुस्तिका पाहा.

थर चिकटवायला स्प्रे वापरला तर?

सुईला चिकटा धरतो आणि फासा मोकळा होत नाही. सुई मधूनमधून पुसत राहावं लागतं. कच्चे टाके घाला.

बॉबिन बदलून फायदा होईल?

टाके सुटण्यात बॉबिनचा हात क्वचितच असतो. ती तुमच्याच मशीनच्या मापाची आहे आणि गंजलेली नाही, एवढं पाहा.

गावात वीज कमीजास्त होते. त्यानं टाके सुटतात?

थेट नाही. मोटर मंद झाली की मोकळ्या हाताच्या कामात टाके लांब पडतात. भोकाची परीक्षा करा, फरक कळेल. पायाच्या मशीनचा चामड्याचा पट्टा पावसात सैल होतो. त्यामुळे चाक घसरतं, पण टाका सुटत नाही. पट्टा थोडा कापून आखूड करा.

टायमिंग (सुई आणि शटलच्या टोकाची जुळलेली वेळ) बिघडलंय हे कधी म्हणायचं?

सगळ्यात शेवटी. नवी योग्य सुई, नीट ओवलेला चांगला दोरा, साफ केलेलं शटल, आणि तरीही साध्या दोन थरांच्या सुती कापडावर टाके सुटत असतील तेव्हाच. दोन थरांवर टीप चांगली आणि गोधडीवरच वाईट असेल, तर आधी सुई, दाब आणि थर हेच पाहा. टायमिंगकडे सगळ्यांचं बोट लगेच जातं, म्हणून हे ठासून सांगते आहे.

एक प्रसंग वेगळा. सुई चेनवर, पिनेवर किंवा प्लेटवर आदळून तुटली आणि त्यानंतर टाके सुटायला लागले, तर सुईची दांडी वर सरकलेली असू शकते किंवा शटल हललेलं असू शकतं.

तपासणी घरी करता येते. प्लेट काढा, चाक हातानं नेहमीच्या दिशेनं फिरवा. सुई तळाला जाऊन दोन ते अडीच मिलिमीटर वर आली, की शटलचं टोक सुईच्या खाचेत, भोकाच्या किंचित वर, आलं पाहिजे. दोघांतली फट कागदाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी हवी, पण टोक सुईला घासता कामा नये. टोक आधी किंवा उशिरा येत असेल, किंवा भोकाच्या खाली जात असेल, तर मिस्त्रीला तसंच सांगा. नुसतं "टाके सुटतात" म्हणण्यापेक्षा "सुई वर आल्यावर शटल उशिरा येतं" म्हटलंत, तर त्याचं काम सोपं होतं आणि नको ते भागही बदलले जात नाहीत. मशीनबरोबर ज्या गोधडीवर टाके सुटतात तिचाच तुकडा आणि तोच दोरा न्या. दुकानात दोन थरांवर टीप मारून "चालतंय" असं सांगितलं जातं, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच होतं. तुमच्या तुकड्यावर टीप पाहिल्याशिवाय मशीन उचलू नका.

बचत गटानं फ्रेमवरचं लाँगआर्म (लांब हाताचं क्विल्ट शिवायचं) मशीन घेतलंय. तिथेही असंच होतं.

तत्त्व तेच, फक्त कापड फ्रेमवर ताणलेलं असतं. ते ढोलाच्या कातड्यासारखं ताणू नका. फार ताणलेलं कापड सुईबरोबर उसळतं. खालून बोट वर दाबलं तर वरून ते चिमटीत धरता यावं, इतकी ढील हवी. सुई या मशीनची वेगळी असते, घरगुती चालत नाही. पुस्तिकेत दिलेलाच प्रकार मागवा आणि जास्तीचा साठा ठेवा, कारण जिल्ह्याच्या बाजारात ती मिळेलच असं नाही.

सुटलेले टाके दुरुस्त कसे करायचे? सगळी ओळ उसवू का?

गरज नाही. सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दोन-तीन टाके उसवा, दोऱ्याची टोकं उलट बाजूला ओढून गाठ मारा आणि सुईनं थरांच्या आत लपवा. मग तेवढाच भाग, जुन्या टाक्यांवर थोडं चढवून, पुन्हा शिवा. मशीन अजून टाके सोडत असेल तर तिथे हातानं बारीक धावदोरा घाला, तो गोधडीला शोभतोही.

अपवाद बाळाच्या दुपट्याचा. मोकळा लांब दोरा बाळाच्या बोटाभोवती किंवा पायाच्या अंगठ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो. दुपटं देण्याआधी दोन्ही बाजूंनी सगळ्या टिपा बोटानं चाचपून घ्या आणि जिथे नख अडकेल ती ओळ पूर्ण उसवून नव्यानं शिवा.